गोव्यातल्या छोट्या होडीला किती हॉर्सपॉवरचं इंजिन लावावं? वजन, वेग आणि पेट्रोलचा हिशेब

होडी पसंत पडली की पुढचा प्रश्न येतोच: पंचवीसचं इंजिन लावू की चाळीसचं? विकणारा मोठं सुचवतो, घरची माणसं खर्चाच्या धास्तीने लहान सुचवतात, आणि या सगळ्या चर्चेत होडीच्या भरलेल्या वजनाचा कोणी उल्लेखही करत नाही. इंजिन ठरवायचं ते त्या वजनावरून. माणसं, पेट्रोल, नांगर, बर्फाची पेटी असं सगळं चढल्यावर होडी किती किलोची होते, आणि ती मांडवी नदीत फिरणार की आग्वादच्या पुढे समुद्रात जाणार, एवढं पक्कं झालं की हॉर्सपॉवरचा आकडा जवळजवळ आपोआप समोर येतो.

इथे मी १४ ते २० फुटांच्या फायबरच्या, मागे आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन) लावलेल्या, घरच्यांना किंवा मित्रांना घेऊन फिरण्याच्या होड्यांबद्दल लिहितो आहे. प्रवाशांकडून पैसे घेऊन चालवायच्या बोटींचे नियम आणि गणित वेगळं असतं.

आधी पाणी ठरवा

गोव्यात दोन प्रकारचं पाणी आहे आणि दोन्हींच्या मागण्या अगदी निराळ्या आहेत. चोडण-दिवाडीच्या आजूबाजूची मांडवी, कुंभारजुव्याचा कालवा, शिवोलीजवळची शापोरा, दक्षिणेत साळ नदी, इथे पाणी बहुतेक वेळ सपाट असतं. खारफुटीच्या कडेने, पक्षी बघत, फेरीबोटींना वाट देत जायचं, तर ५-६ नॉट पुरे होतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजेच १.८५ किलोमीटर; तेव्हा हा ताशी साधारण १० किलोमीटरचा वेग झाला. सलीम अली पक्षी अभयारण्याजवळून यापेक्षा जोरात जाऊच नये. लाटेने चिखलाची कड ढासळते आणि ज्यांना बघायला आलो ते पक्षीही उडून जातात.

आग्वाद आणि काबोच्या मधून बाहेर पडलं की चित्र बदलतं. मांडवीचं मुख पश्चिमेला उघडं आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी समुद्र शांत असतो, पण दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि तासाभरात आखूड, उभ्या लाटा तयार होतात. उथळ पट्ट्यावर त्या आणखी ताठ होतात. अशा वेळी परत आत येण्यासाठी इंजिनात जोर शिल्लक असावा लागतो. मुखाशी लाटेच्या मागे राहायचं की पुढे निघायचं, हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे.

म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: दहा वेळा होडी काढली तर त्यातल्या किती वेळा बाहेर जाणार? उत्तर एक-दोनदा असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे. नदीचं इंजिन घ्या, आणि समुद्रात जायची हौस जाणत्या तांडेलासोबत त्याच्या बोटीतून भागवा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ताकदीसाठी उरलेलं वर्षभर जास्तीचं वजन आणि देखभाल अंगावर घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर लहान होडी किनाऱ्यावरच असली पाहिजे. त्या दिवसांत आग्वादचा बार (मुखाशी असलेला उथळ वाळूचा पट्टा) इतका खवळतो की खनिजाच्या बार्जसुद्धा तो टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जात.

मग वजन मांडा, कागदावर

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, त्यात तुमचे आकडे घाला.

१६ फुटी फायबरची होडी, रिकामी ३५० किलो. चाळीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण १०० किलो. ५० लिटर पेट्रोल, लिटरला पाऊण किलोच्या आसपास धरून ३७ किलो. चार माणसं, प्रत्येकी ७० म्हणजे २८० किलो. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, पाणी, डबे मिळून ५० किलो. बेरीज ८१७ किलो. म्हणजे कॅटलॉगमध्ये ३५० किलोची दिसणारी होडी पाण्यात त्याच्या सव्वादोनपटीहून जास्त भरते.

जुनी होडी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. फायबरच्या आतला फोम किंवा लाकूड वर्षानुवर्षं पाणी पितं. शक्य असेल तर होडी ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि नंतर ट्रेलरचं वजन वजा करा. मागची फळी बोटाच्या सांध्याने ठोकून पाहा. आवाज घट्ट यायला हवा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलं आहे आणि त्या फळीवर कुठलंच नवं इंजिन लावू नका.

पाणी कापत जाणार की पाण्यावर चढणार?

सगळा निर्णय या मुद्द्याशी येऊन ठरतो, म्हणून इथे थोडं थांबू.

हळू चालणारी होडी स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत जाते. अशा चालीला एक नैसर्गिक मर्यादा असते, आणि ती होडीच्या पाण्यातल्या लांबीवर अवलंबून असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आलेला आकडा नॉटमध्ये. १६ फुटांना ५.४ नॉट, २० फुटांना ६ नॉट. या मर्यादेपर्यंत इंजिनाला फारसे कष्ट नसतात. टनामागे ४-५ हॉर्सपॉवर असली तरी वारा आणि ओहोटी धरून काम भागतं. आपल्या ८०० किलोच्या होडीला हिशेबाने ४ हॉर्सपॉवर चालेल. थोडी ताकद राखून ठेवायची म्हणून ८ किंवा ९.९ घेतलं की नदीसाठी उत्तम.

त्या मर्यादेच्या पुढे ढकलायला गेलं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. नाळ (होडीचं पुढचं टोक) आकाशाकडे, मागची बाजू खोल, पुढचं काही दिसत नाही, इंजिन ओरडतंय आणि वेग मात्र ८-९ नॉट. पुरेशी ताकद असेल तर १२-१३ नॉटच्या आसपास होडी तो चढ ओलांडून पाण्यावर चढते, नाळ खाली येते, आवाज हलका होतो. यालाच प्लेनिंग म्हणतात. चपट्या किंवा व्ही-आकाराच्या तळाच्या होड्या यासाठीच बनवलेल्या असतात. गोल तळाची पारंपरिक होडी कितीही मोठं इंजिन लावलं तरी नीट चढत नाही, फक्त मागून खोल बसते. अशा होडीला २५ चं इंजिन लावलेलं मी पाहतो तेव्हा मला पेट्रोलापेक्षा त्या होडीचीच काळजी वाटते.

पेट्रोल सगळ्यात जास्त वाया जातं ते या मधल्या पट्ट्यात. म्हणून नियम असा: एक तर ५-६ नॉटला समाधानी राहील असं लहान इंजिन घ्या, किंवा पूर्ण भरलेली होडीसुद्धा आरामात पाण्यावर चढवेल असं घ्या. एकटं असताना चढतं आणि चौघं बसले की चढत नाही, असं मधलं इंजिन पैशाला, वेळेला आणि सुरक्षिततेला तिन्हीकडे महाग पडतं.

हॉर्सपॉवरचा आकडा काढा

प्लेनिंग होडीचा वेग अंदाजण्यासाठी क्राउचचं सूत्र वापरतात. किलो आणि नॉटमध्ये बसवलं तर साध्या होडीसाठी ते असं होतं: एकूण वजनाला हॉर्सपॉवरने भागा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, आणि ८८ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिल्यावर, मिळणारा अंदाजे वेग. तळ स्वच्छ आहे आणि पंखा (प्रोपेलर) योग्य आहे, असं यात गृहीत आहे.

चाळीसच्या इंजिनासह ८१७ किलो: हॉर्सपॉवरमागे २०.४ किलो, वेग साडेएकोणीस नॉटच्या जवळ. पंचवीसचं इंजिन हलकं असल्याने वजन ७८० वर येतं, पण हॉर्सपॉवरमागे ३१ किलो पडतात आणि वेग पावणेसोळा नॉट. साठचं लावलं तर ८३२ किलो, जवळपास साडेतेवीस नॉट.

आता त्याच पंचवीसच्या होडीत एकटा माणूस बसवा. वजन ५७० किलो आणि वेग साडेअठरा नॉट. विकणाऱ्याबरोबर चाचणीला जाताना होडीत दोनच माणसं आणि तळाशी थोडंसं पेट्रोल असतं, तेव्हा पंचवीस झकास वाटतं. चाचणीला चार माणसं घेऊन जा. माणसं मिळाली नाहीत तर पाण्याचे कॅन भरून तेवढं वजन ठेवा. थ्रॉटल दिल्यावर होडी किती सेकंदांत चढते, चढल्यावर थ्रॉटल मागे घेऊन किती कमी वेगापर्यंत वर राहते, हे पाहा. कमी वेगातही वर टिकणारी होडी पेट्रोल वाचवते आणि लाटांत सौम्य चालते.

या १६ फुटीसाठी बाहेर जायचं असेल तर मी चाळीसच घेईन. साठने चार नॉट वाढतात, पण ते वापरावेत असं पाणी आपल्याकडे सकाळचे काही तासच मिळतं. कुठल्याही परिस्थितीत होडीच्या पाटीवर बनवणाऱ्याने दिलेली कमाल हॉर्सपॉवर ओलांडू नका. पाटी नसेल तर बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. त्या मर्यादेच्या ७० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यानचं इंजिन बहुतेक कुटुंबांना पुरतं.

तासाला किती, यापेक्षा मैलाला किती

बोटवाले पेट्रोल तासाच्या हिशेबात सांगतात. त्यातून टाकी कधी रिकामी होईल ते कळतं, अंतर कळत नाही. तुम्ही लिटर प्रति सागरी मैल काढा: तासाचे लिटर भागिले नॉट.

आधुनिक फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन एक हॉर्सपॉवर तासभर द्यायला साधारण ०.३ ते ०.३५ लिटर पेट्रोल घेतं. त्यावरून आपल्या १६ फुटी, चाळीस हॉर्सपॉवरच्या भरलेल्या होडीचं गणित अंदाजे असं बसतं. ५ नॉटला तासाला २ लिटर, म्हणजे मैलाला ०.४. नाळ वर काढून ९ नॉटला तासाला ७ लिटर, मैलाला ०.७८. पाण्यावर चढून १५ नॉटला तासाला ८ लिटर, मैलाला ०.५३. पूर्ण थ्रॉटलला १९ नॉट, तासाला १४ लिटर, मैलाला ०.७४.

९ नॉट आणि १५ नॉटची तुलना पाहा. हळू जाऊन पेट्रोल वाचेल म्हणून जो थ्रॉटल अर्धवट मागे घेतो, तो मैलामागे जवळजवळ दीडपट जाळतो.

पंचवीसच्या इंजिनाने याच होडीला १५ नॉटला न्यायचं तर ताकद जवळपास तेवढीच लागते, म्हणून पेट्रोलही जवळपास तेवढंच जातं. फरक हा की चाळीस तेव्हा मध्यम फेऱ्यांवर (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं ते फेरे, म्हणजे आरपीएम) आरामात असतं आणि पंचवीस शेवटच्या टोकाला. लहान इंजिन म्हणजे कमी पेट्रोल, हे फक्त ५-६ नॉटच्या नदीतल्या चालीला खरं आहे.

पणजीहून ग्रांदे बेटापर्यंत जाऊन येणं साधारण २० सागरी मैल धरा. १५ नॉटला १०-११ लिटर, पूर्ण थ्रॉटलला १५ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी फरक चारशे-साडेचारशेचा. पण टाकीत नेमकं तेवढंच घेऊन निघायचं नसतं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. म्हणजे ११ लिटर लागणार असतील तर टाकीत किमान १६-१७ हवेत, आणि वारा धरण्याची चिन्हं असतील तर त्याहून जास्त.

नदीत पेट्रोल वाचवण्याचं सगळ्यात मोठं साधन भरती-ओहोटी आहे. धार २ नॉटची असेल आणि होडी पाण्यातून ५ नॉटने जात असेल, तर धारेविरुद्ध जमिनीच्या हिशेबात ३ नॉट पडतात आणि धारेबरोबर ७. तासाचं पेट्रोल तेच, २ लिटर. मैलाला एकीकडे ०.६७ लिटर, दुसरीकडे ०.२९. दुपटीहून जास्त फरक, एक रुपयाही न गुंतवता. भरतीबरोबर वर जायचं, भरती पूर्ण झाली की जेवायचं, ओहोटीबरोबर परतायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धार जोरात असते, अष्टमीच्या भांगाला मंद. मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक वापरा, पण नदीत वर जाल तशी भरती उशिरा येते हे लक्षात ठेवा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारच्या वेळेवर विसंबू नका. ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात, आणि पंखा तिथे घासला तर वाचवलेलं सगळं एका फटक्यात जातं.

पंखा: दुर्लक्षित भाग

योग्य इंजिनाला चुकीचा पंखा लावला तर वरचं सगळं गणित कोसळतं. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता किती इंच पुढे गेला असता ते. पाण्यात १० ते २० टक्के घसरण होतेच.

तपासणी सोपी आहे. नेहमीचं वजन चढवा, सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या, आणि फेरे पाहा. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्यांचा पट्टा दिलेला असतो, बऱ्याच इंजिनांत ५००० ते ६०००. फेरे खालच्या आकड्यापर्यंतही पोचत नसतील तर पिच जास्त आहे आणि इंजिन दमतं आहे. वरच्या आकड्याच्या पुढे जात असतील तर पिच कमी. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० फेरे बदलतात. फेरे पट्ट्याच्या वरच्या निम्म्यात यायला हवेत, तेही भरलेल्या होडीत. पंख्याची पात वाकलेली किंवा चरे पडलेली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या आणि मग मोजा.

इंजिनाची उंचीही बघा. शाफ्ट १५, २० आणि २५ इंचांचे येतात, आणि तो मागच्या फळीच्या उंचीशी जुळला पाहिजे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर असावी. फार खाली असेल तर ओढ वाढते, फार वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो. निघताना इंजिन आत झुकवलेलं ठेवा, होडी चढली की हळूहळू बाहेर घ्या. सुकाणू हलकं लागलं आणि फेरे थोडे वाढले की थांबा.

कुठल्या जातीचं इंजिन

जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं असतं. पण तेवढ्याच कामाला ते फोर-स्ट्रोकपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त पेट्रोल घेऊ शकतं, तेल वेगळं, आणि न जळलेला त्यातला काही भाग सरळ नदीत जातो. मांडवीच्या खारफुटीत मासे अंडी घालतात, म्हणून माझा कल इंधन-इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोककडे आहे. मात्र टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक लावताना २०-३० किलो मागे वाढतात. त्या फळीने आणि मागच्या उंचीने ते पेलायला हवेत. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवून तोल साधता येतो. डिझेल हॉर्सपॉवरमागे कमी पितं, तासाला ०.२ लिटरच्या आसपास, पण ते जड असल्याने मोठ्या, संथ, दिवसभर चालणाऱ्या होडीलाच शोभतं.

गोव्याच्या पाण्यात मायलेज टिकवायचं तर

उबदार खाऱ्या-मचूळ पाण्यात नांगरून ठेवलेल्या होडीच्या तळावर काही आठवड्यांतच शेवाळ आणि बार्नॅकलची खरखरीत कवचं धरतात. प्लेनिंग होडीला याचा फटका सर्वात जास्त बसतो. कधीकधी ती चढतच नाही आणि दोष इंजिनाला दिला जातो. शक्य असेल तर होडी ट्रेलरवर ठेवा. पाण्यातच ठेवायची असेल तर अँटीफाउलिंग रंग लावा आणि ठरावीक काळाने तळ घासा. दर फेरीनंतर इंजिनातून गोडं पाणी फिरवा. इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड, इंजिनाला लावलेले असतात; नदीच्या मचूळ पाण्यात जस्ताच्या अ‍ॅनोडपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड चांगलं काम करतात.

पेट्रोलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. अनेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. खरेदीआधीच विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेलबद्दल लेखी उत्तर घ्या, वॉरंटीचा प्रश्न आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के जास्त खप धरून चाला. शिवाय ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये लावाच.

नोंदणी आणि तपासणी पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे होते. इंजिन बदललं तर कागदपत्रांतही बदल करून घ्या, आणि विम्याच्या कागदावर नव्या इंजिनाचा क्रमांक आहे ना ते पाहा.

पहिल्या काही फेऱ्यांत एक वही ठेवा. टाकी काठोकाठ भरून निघा, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर गेले ते लिहा. जीपीएसवरचं अंतर, माणसं किती, फेरे किती, भरती की ओहोटी, हेही लिहा. वेग मोजताना एकाच टप्प्यावर जाऊन-येऊन मोजा, म्हणजे धारेचा परिणाम निघून जातो.

मेअखेरीस होडी वर काढताना टाकी रिकामी करा, इंजिनातलं उरलेलं इंधन मॅन्युअलप्रमाणे काढून टाका, आणि गिअरचं तेल बदला. जुन्या तेलात दुधी रंग दिसला तर सील गेलं आहे, ते पावसाळ्यातच बदलून घ्या. ऑक्टोबरमध्ये उतरताना ताजं पेट्रोल भरा, फिल्टरच्या भांड्यात पाणी साचलंय का ते पाहा, आणि पहिली फेरी नदीतच ठेवा.